मास्तर, पुठ्ठा घेतला मी

त्या रविवारी जिन्याखाली कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं रचलं. कमिटीचे हायाशी-सान होते, पाऊस नसताना हातात छत्री घेऊन. खालच्या मोरिता-सान होत्या, कमरेला पट्टा बांधून. त्यांच्या समोरच्या दारातला ट्रक चालवणारा ओनो होता आणि त्याची बायको. माझा मुलगा महेश, सून मंजिरी, नात इरा. मी. आणि तुम्ही, मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून, पुठ्ठा छातीशी धरून.

एवढ्या सगळ्यांदेखत तुम्ही हाक मारलीत, "विहीणबाई, पुढे या." आणि पुठ्ठा माझ्यापुढं धरलात. मी हात पाठीमागं नेले. म्हटलं, "मला वाचता येत नाही."

मग मंजिरीच पुढं झाली, तिनं पुठ्ठा घेतला, हायाशी-सानांनी वाकून टाळ्या वाजवल्या आणि आपण वर जाऊन पोहे खाल्ले. तुम्ही दुसऱ्यांदा घेतले नाहीत. खाली तुमच्या घरी जाताना दारात थांबलात आणि हळूच म्हणालात, "हे खरं कारण नाही. खरं काय ते सांगा कधीतरी. मी ऐकेन."

मी म्हटलं, "सांगेन."

आज तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. सांगायचं राहिलं. म्हणून आता बसलेय. मी बोलतेय आणि मंजिरी लिहितेय. तुमचीच मुलगी. तिला सांगितलंय, रडायचं तर रड, पण माझा शब्द बदलू नकोस. माझं शिक्षण दुसरी, तेही पुसून गेलेलं. सही येते, बस नंबर ओळखू येतात, पुढं अंधार.

हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात जायचंय, तेव्हा परक्यालाही कळलं पाहिजे. मास्तर म्हणजे माझे व्याही. पुण्याकडच्या शाळेत इतिहास शिकवायचे. बायको गेली, मुलगी एकच, ती इथं योकोहामात. माझाही मालक लवकर गेला, मुलगा एकच, तोही इथंच. मागं पाहणारं कुणी नाही म्हणून आम्हा दोघांना इथं राहायचा कागद मिळाला. पण मास्तर मुलीच्या घरात राहायला तयार होईनात. शेवटी आमच्याच जिन्यात, एक मजला खाली, दोन खोल्या मिळाल्या तेव्हा त्यांनी बॅग उघडली. जेवायला वर यायचे, आपलं ताट आपण घासायचे. मी म्हणायची, "मास्तर, ठेवा ते. लोक म्हणतील विहीण छळते." तर म्हणायचे, "लोक जपानी आहेत विहीणबाई, त्यांना विहीण म्हणजे काय ते माहीत नाही."

आणि पुठ्ठा म्हणजे काय तेही सांगते. इथं प्रत्येक जिन्याचा एक पुठ्ठा असतो. त्याला कागद अडकवलेले. कचरा कुठल्या दिवशी, गवत कधी काढायचं, भूकंपाची तालीम कधी. तो घराघरातून फिरतो. प्रत्येकानं वाचायचा, आपल्या चौकटीत सही करायची आणि पुढच्या दारावर द्यायचा. वर्षभर एक घर जिन्याचं प्रमुख. वर्ष संपलं की पाळी पुढच्या घरी. तुमचं वर्ष संपलं आणि पुढचं घर आमचं होतं.

तुमची पाळी आली तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. हायाशी-सान पुठ्ठा घेऊन तुमच्या दारात आले, वाकले, काहीतरी बोलले. तुम्हाला वाटलं, सगळ्यांनी मिळून तुम्हाला निवडलं. तुम्ही त्यांना थांबा म्हणालात, आत जाऊन कोट घालून आलात आणि जिन्यात उभं राहून इंग्रजीत भाषण केलंत. चांगलं दहा मिनिटं. ओनोची बायको भाजीची पिशवी घेऊन उभी, बिचारीला हलता येईना. शेवटी तुम्ही इराला म्हणालात, "सांग यांना आता जपानीत." पोरीनं एक वाक्य सांगितलं.

"एवढंच?" तुम्ही म्हणालात.

"आजोबा, तुम्ही थँक्यू म्हणालात ना? ते सांगितलं."

रात्रीच्या जेवणाला महेशनं हळूच सांगितलं, "बाबा, ती निवडणूक नव्हती. पाळी असते ती. फिरत येते." तुमचे कान लाल झाले. पण हार कुठली मानताय! म्हणालात, "माहीत आहे मला पाळी आहे ते. पाळीनं आलं म्हणून काम हलकं होतं का?"

माहीत नव्हतं तुम्हाला, मास्तर. पण काम तुम्ही निवडून आल्यासारखं केलंत.

कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडायचे तर जाळीच्या कडेला पाण्याच्या बाटल्या बांधल्यात. मोरिता-सानांना वाकता येत नाही म्हणून त्यांची जुन्या पेपरांची बंडलं तुम्ही बांधून न्यायचात. भूकंपाच्या तालमीला सगळे दोन मिनिटांत खाली आले आणि तुम्ही सगळ्यांची डोकी मोजत बसलात, इराच्या हातातल्या मांजरासकट. ओनो तुम्हाला सेन्सेई म्हणायला लागला, म्हणजे गुरुजी. बरं वाटायचं तुम्हाला. चेहऱ्यावर दाखवायचा नाहीत, पण त्या दिवशी एक पोळी जास्त जायची.

आणि मी लसूण सोलायला बसले की तुमचं अमेरिका सुरू.

आता वाचणाऱ्याला वाटेल, जपानात बसून अमेरिका कुठून आली. तर मास्तरांचा तो आवडता धडा होता. अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांच्या राजाला हाकललं, त्या वेळचे पुढारी. मास्तर त्यांच्याबद्दल असं बोलायचे जसं काही पलीकडच्या जिन्यात राहतात. मला त्यांची नावं कधी धरता आली नाहीत. मी त्यांना कामावरून ओळखायची. एक शेतीवाला सेनापती. एक छापखानावाला म्हातारा. एक वकील.

वकील मला आवडायचा. राजाच्या शिपायांनी गर्दीवर गोळी झाडली, माणसं मेली, आणि त्या शिपायांच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला कुणी तयार होईना, तर हा राजाच्या विरुद्धचा माणूस उभा राहिला. म्हणाला, न्याय सगळ्यांना. गाव थुंकत असेल त्याच्यावर. छापखानावालाही बरा. सत्तरीला आलेला, अंगात दुखणी, आणि परक्या मुलखात मदत मागायला समुद्रावरनं गेला. मी म्हटलं, "आपणही सत्तरीतच आलो की समुद्र ओलांडून." तुम्ही म्हणालात, "आपण विमानानं आलो, विहीणबाई. आणि मदत मागायला नाही, नातीला शाळेतनं आणायला."

पण तुमचा खरा जीव सेनापतीवर. तो लढाई जिंकला आणि तलवार देऊन शेतावर निघून गेला. मग लोकांनी धरून आणून देशाचा प्रमुख केला. दोनदा झाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, बास. हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा. "खुर्चीवरनं उठणं," तुम्ही म्हणायचात, "बसण्यापेक्षा अवघड असतं."

आणि त्या सह्या. राजा नको, सगळी माणसं सारखी, म्हणून एकानं कागद लिहिला आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. हरलो तर फास, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यातल्या एकानं म्हणे एवढी मोठी सही केली की राजाला चष्म्याशिवाय दिसावी. ही गोष्ट सांगून तुम्ही पुठ्ठा उघडायचात आणि आमच्या घराच्या चौकटीवर बोट ठेवायचात. माझी सही चौकटीच्या बाहेर जाते. मला बारीक अक्षर येतच नाही, ज्यानं शिकवलं त्यानं मोठंच शिकवलं. तुम्ही म्हणायचात, "बघा, तुमची पण राजाला दिसेल."

मी हसायची. पण आत काहीतरी टोचायचं. ते काय ते आज सांगणार आहे.

तुमची एक खोड होती. वाचल्याशिवाय मला सही करू द्यायचा नाहीत. पुठ्ठा आला की इराला बोलवायचं, जिन्याच्या पायरीवर बसायचं, तिनं जपानी वाचायचं, अडलं की फोनमध्ये बघायचं, मग तुम्ही ते मला नीट मराठीत सांगायचं. सगळा कागद. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अहो मास्तर, कचऱ्याचा कागद आहे. करते की सही."

"नाही. आधी ऐका. प्लास्टिक बुधवारी."

"मला माहितेय बुधवारी."

"या महिन्यात पहिला बुधवार नाही. बघा! आंधळी सही केली असती तर पिशवी परत आली असती."

इरा कंटाळायची. "आजोबा, मो ईयो," म्हणायची, म्हणजे पुरे आता. तुम्ही ऐकायचा नाहीत. सत्तर वर्षांत मला कुणी कागद असा वाचून दाखवला नव्हता, मास्तर. कागद पुढं यायचा आणि त्यावर एक बोट यायचं. इथं कर. बोट वेगवेगळ्या माणसांचं, शब्द तेच. इथं कर.

आता आपलं भांडण सांगते. ते मिटलं नाही कधी.

एकदा वाटाणे सोलत होतो. तुम्ही सेनापतीच्या शेताचं वर्णन करत होता. नदीकाठ, एवढी मोठी जमीन, घर. मी विचारलं, "एवढी जमीन, आणि हा आठ वर्षं लढाईवर. मग शेतात राबत कोण होतं?"

तुम्ही वाटाणा तोंडात टाकलात. चावत राहिलात.

"गडी होते?"

"गुलाम," तुम्ही म्हणालात. "विकत घेतलेली माणसं."

"आणि तो कागद लिहिणारा, सगळी माणसं सारखी म्हणणारा? त्याच्याकडं?"

"त्याच्याकडंही."

"मग कसलं हो तुमचं स्वातंत्र्य? राजानं ह्यांना राबवलं तर राग. आणि ह्यांनी दुसऱ्याला राबवलं तर?"

तुम्ही उठून खाली गेलात. दोन दिवस जेवायला आलात पण अमेरिका नाही. मंजिरी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, कशाला दुखवता बाबांना, त्यांचं सगळं आयुष्य त्यात गेलंय." आता लिहिताना मान हलवतेय बघा. म्हणाली होती ती.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि उभ्या उभ्याच बोललात. "विहीणबाई, हा प्रश्न तीस वर्षांत माझ्या वर्गात दोन मुलांनी विचारला. दोघांना मी खाली बस म्हणालो. धडा पुढं न्यायचा होता." मग बसलात. म्हणालात, "आणखी एक सांगतो, जे मी वर्गात कधीच सांगितलं नाही. त्या कागदाच्या पहिल्या मसुद्यात माणसं विकण्याच्या धंद्याविरुद्ध लिहिलं होतं. चांगलं परिच्छेदभर. बाकीच्यांनी ते काढून टाकलं. मग सह्या झाल्या."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. तेच तर वाईट आहे."

मी वाटाण्याचं भांडं उचलून आत गेले. तुम्हाला वाटलं मी रागावले. मी नळ सोडून नुसती उभी होते, मास्तर. तुम्ही सेनापतीबद्दल बोलत होता आणि मला आमच्या गावची सोना दिसत होती.

तुम्ही सगळ्या जिन्याला सांगितलं होतंत की आमच्या विहीणबाई पाच वर्षं गावच्या सरपंच होत्या. मोरिता-सान तेव्हापासून मला जास्त वाकतात. तुम्ही म्हणायचात, "तुम्ही तर खरं लोकांचं काम केलंय, आम्ही नुसतं खडूनं शिकवलं." मी गप्प बसायची. तुम्हाला वाटायचं साधी बाई आहे, मोठेपणा सांगत नाही.

तर ऐका आता.

सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली. गावात दिराचा जोर. त्याला उभं राहता येईना, म्हणून त्यानं मला उभं केलं. मी विधवा, एक पोर पदरात, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. निवडून आले तेव्हा गुलाल माझ्या डोक्यावर पडला आणि हार दिराच्या गळ्यात. सहीपुरतं नाव त्यानंच गिरवून घेतलं माझ्याकडनं, आठ दिवस, पाटीवर. ग्रामपंचायतीत खुर्चीवर तो बसायचा. मी दाराजवळ सतरंजीवर. कागद खाली यायचा, बोट यायचं, इथं कर.

सोना खालच्या आळीतली. गावानं ज्या आळीला पिढ्यान् पिढ्या खालीच ठेवलं, ती आळी. खडी फोडताना ती माझ्या शेजारी बसायची. महेश तापानं फणफणला तेव्हा मी तीन दिवस कामावर गेले नाही. तिनं तिची खडी फोडली आणि माझ्या वाटणीची पण, आणि मुकादमाला सांगितलं, ती इथंच होती, पाणी प्यायला गेलीय. तिचे तळहात फुटले होते. ते मी बघितलेत.

त्या आळीसाठी नळकोंडाळं मंजूर झालं. चार नळांचं. बाया नदीवरनं पाणी आणायच्या, चढ चढून. कागद आला आणि मी सही केली. बांधलं गेलं ते दिराच्या दारासमोर, वरच्या आळीत. आणि खालच्या बायांनी तिथं आलेलं वरच्यांना चालत नव्हतं, ते वेगळंच.

सोना माझ्या दारात आली. आत नाही आली, कधीच येत नसे, मी कधी ये म्हटलंही नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "सरपंचबाई, सही तुमची हाय व्हय?"

खडी फोडताना मला अक्का म्हणायची ती. त्या दिवशी सरपंचबाई.

मी म्हटलं, "मला काय वाचता येतंय, सोना?"

ती गेली.

आणि आता खरं ते, मास्तर. मला ठाऊक होतं. अक्षरं कळत नव्हती, पण त्या सकाळी दीर ओसरीवर ग्रामसेवकाशी बोलत होता ते मी चूल सारवताना ऐकलं होतं. जागा बदलायची म्हणून. सही करताना माझा हात थांबला होता. एक श्वासभर. मग पोराच्या शाळेचं आठवलं, दिराच्या घरातला आमचा कोपरा आठवला, आणि मी केली. मोठ्या अक्षरात.

त्या सेनापतीला मी जे विचारलं ते मी मलाच विचारत होते. राबत कोण होतं? सोना राबत होती. चढावरनं, डोक्यावर दोन हंडे, गुडघे जाईपर्यंत.

म्हणून त्या रविवारी मी हात मागं नेले. तुम्ही पुठ्ठा धरलात आणि मला तो कागद दिसला. तोंडातनं आलं ते सोनाला सांगितलेलंच वाक्य. मला वाचता येत नाही. फार कामाचं वाक्य आहे ते. त्याच्यामागं माणूस आयुष्यभर बसू शकतं.

आता मंजिरीनं पेन खाली ठेवलंय. चहा करते म्हणाली. चहा नकोय तिला, मला माहितेय. येऊ दे.

आली.

एक गोष्ट मला आणखी सलते. तुमचं वर्ष संपत आलं तेव्हा तुम्ही हायाशी-सानांना विचारणार होता, आणखी एक वर्ष मीच करू का म्हणून. मी म्हटलं, "का हो, तुमचा सेनापती तर उठला खुर्चीवरनं. तुम्हाला पुठ्ठा सोडवत नाही?" टोमणाच होता तो. तुम्ही हसलात आणि विचारलं नाहीत. तुम्ही गेल्यावर मंजिरी तुमच्या खोल्या आवरत होती तर कॅलेंडरवर सापडलं. गवत काढायचा रविवार, मोरिता-सानांचा दवाखाना, ओनोच्या पोरीची परीक्षा. पुढच्या वर्षीचं. सगळं लिहून ठेवलेलं. तुम्हाला पुठ्ठ्याची हौस नव्हती, मास्तर. तुम्हाला सकाळी उठायला ते होतं. मला हे दिसायला हवं होतं. मीही एकटीच आहे, मला दिसायला हवं होतं.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात मी भेटायला आले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती. मंजिरी डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली. तुम्ही डोळे उघडलेत आणि पहिलं काय म्हणालात? "कारण राहिलं, विहीणबाई."

मी म्हटलं, "आधी बरे व्हा. घरी आलात की सांगते."

तुम्ही बोटानं हवेत सही केल्यासारखं केलंत आणि हसलात. मला वाटलं चेष्टा करताय. मी पदर सारखा केला आणि संत्री सोलत बसले, जी तुम्हाला खायची नव्हती. तेव्हाच सांगायचं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मराठी कळणारं तर कुणीच नव्हतं.

त्या सेनापतीबद्दल आपलं शेवटचं बोलणं झालं ते आठवतंय का? तुम्ही सांगितलंत की त्यानं मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मोकळं करायला लिहून ठेवलं. मी म्हटलं, "मेल्यावर? जिवंतपणी हात धरला होता का कुणी?" तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही." मी म्हटलं, "मला नाही पटत." तुम्ही म्हणालात, "नका पटवून घेऊ. पण एक बघा. त्यांनी जो शब्द लिहिला, सगळी माणसं सारखी, तो त्यांच्या स्वतःच्या अंगाला मापाचा नव्हता. मोठा होता. पुढं त्याच गुलामांच्या नातवंडांनी तोच कागद धरून विचारलं, मग आमचं काय?"

मी म्हटलं, "नातवंडांनी. आजीला पाणी मिळालं का?"

पुढच्या वेळी बोलू म्हणालात.

तुमचं उत्तर आता येणार नाही. पण माझं मी बघितलं तर मीही त्या सेनापतीसारखीच निघाले. त्यानं स्वतः मेल्यावर माणसं मोकळी केली, मी दुसरी माणसं मेल्यावर सांगतेय. सोना तीन वर्षांपूर्वी गेली. तिला मी कधी म्हटलं नाही की मला ठाऊक होतं. तुम्हाला म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? मला वाटतं, उठून खाली गेला असतात. आणि तिसऱ्या दिवशी परत आला असतात.

तुम्ही परत यायचात, मास्तर. एवढं मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी भ्याले.

परवा पुठ्ठा आमच्याकडं आला. चपलांच्या कपाटावर पडून होता. मंजिरीची सुट्टी संपून ऑफिस सुरू झालेलं, महेश ओसाकाला गेलेला. गवत काढायच्या रविवारचा कागद होता त्यात. मी तो उचलला. इरा शाळेतनं आली, तिला म्हटलं, "चल, वाच." ती म्हणाली, "आजी, आजोबा नाहीत ना." मी म्हटलं, "म्हणून तर."

पायरीवर बसलो. तिला दोन ठिकाणी अडलं. मग आम्ही खाली गेलो आणि मोरिता-सानांची बेल वाजवली. त्या काठी टेकत आल्या, चष्मा लावला आणि दारात उभ्या राहून सगळा कागद वाचला. सावकाश. इरा मराठीत सांगत गेली, मोडकंतोडकं, अर्धं जपानी. विळे कमिटी देणार. टोप्या घालून या. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी चहा द्यायला थांबावं. तिथं मोरिता-सानांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हसल्या. मीही माझ्या छातीवर ठेवलं आणि मान हलवली. मला वाकता येतं. अजून येतं.

मग त्यांनी तुमच्या घराच्या चौकटीकडं बोट केलं. रिकामी होती. त्या वाकल्या. त्या रिकाम्या चौकटीला वाकल्या, मास्तर, पट्ट्यासकट.

मी आमच्या चौकटीत सही केली. बाहेर गेली ती नेहमीसारखीच. मग हायाशी-सानांकडं जाऊन इराकडनं सांगितलं की हे वर्ष पुठ्ठा मी बघणार, सून नाही. ते म्हणाले, चालेल. इराला विचारलं, आजीला वाचता येतं का. इरा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "सांग त्यांना, येत नाही. वाचून घेईन."

दीर गेला, पण नळकोंडाळं तिथंच आहे. महेशला सांगितलंय सगळं, काल, फोनवर. त्याच्या तापातली खडी कुणी फोडली ते त्याला माहीत नव्हतं. सोनाची लेक अजून खालच्या आळीतच राहते. तिला पत्र लिहायचंय मला. मंजिरी लिहील. त्यात काय असेल ते ह्या अंकात छापायचं नाही, ते तिचं आहे.

तुमचा कोट मी इस्त्री करून ठेवलाय. ओनो म्हणाला, गवताच्या रविवारी सेन्सेईंच्या नावानं चार शब्द बोलू. तो बोलेल, मी उभी राहीन. दहा मिनिटं बोलला तरी उभी राहीन.

हे सगळं मंजिरीनं मला दोनदा वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं दीर बरा वाटेल असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. आता खाली सही करते.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. तुमच्या घरात, ऑफिसात, बँकेत, कुठंही कुणी म्हातारं माणूस, कुणी न शिकलेली बाई कागदावर सही करत असेल, तर तिला नुसतं बोट दाखवू नका. शेजारी बसा आणि आधी तो कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवा. सगळा.